उंबऱ्यातली पोर

मला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. आईला नाही, सासूला नाही, आणि नवऱ्याने तर लग्नानंतर वर्षभरातच नाद सोडला. मी रोह्याच्या आतल्या अंगाला, वालाच्या शेतांत वाढलेली. तिकडे बायका वाल सोलायला बसल्या की हात आणि तोंड दोन्ही चालतं. नुसते हात चालवणारीला 'बरं नाय का गो?' असं विचारतात. त्यामुळे गावात पाहुण्यांना गोष्टी सांगायला कुणीतरी बाई हवी असं निघालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही आढेवेढे घेतले नाहीत. आता वाटतं, घ्यायला हवे होते.

हे गाव माझ्या सासरचं. पेणहून येताना गडबला हायवे सोडायचा आणि खाडीच्या बाजूला वळायचं. रस्ता संपतो तिथे बांध लागतो. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि आमची घरं. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं, आणि दोघांच्या मध्ये असते ती फक्त हाताने रचलेली माती. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा हे बघून मला झोप लागेना. सासू म्हणाली, इथे सगळे असेच झोपतात.

पण मी इथे राहिले नाही. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. आमचा सगळा संसार तिकडे भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. गावाला यायचं ते गणपतीला आणि शिमग्याला, ते पण पाहुण्यासारखं. नवरा रिटायर झाला तेव्हा आम्ही कायमचे इकडे आलो. म्हणजे सून म्हणून मी तीस वर्षांची जुनी, आणि गावकरीण म्हणून अगदी काल आलेली. ही गोष्ट मी विसरले होते. मला वाटायचं मला गावातलं सगळं ठाऊक आहे.

आमच्या शेजारचं घर चुलत जावेचं. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या चुलत भावाची बायको ती. मी तिला बाय म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटी. मूल झालं नसेल असं मी कधीच्या काळी मनाशी धरून टाकलं होतं आणि पुन्हा त्यावर विचार केला नव्हता. स्वभावाने माझ्या अगदी उलट. दिवसाला दहा वाक्यं बोलली तर फार. ती बोलायला लागली की मी हातातलं काम ठेवून ऐकायची, कारण असा योग वारंवार येत नसे.

तिचं काम होतं उघाडीचं. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेली पाणी सोडायची वाट. आमची उघाडी जुनी, काळ्या दगडाची, सिमेंटचा थेंब नसलेली. तिला चार मोऱ्या, आणि प्रत्येक मोरीला खाडीच्या बाजूने लाकडी झडप. भरती आली की खाडीच्या पाण्याच्याच जोराने झडप बंद होते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि बाहेर पडतं. कुणी उघडायला नको, लावायला नको. फक्त झडपेत गवत-काटक्या अडकल्या तर त्या काढायला माणूस लागतं. आधी तिचा नवरा काढायचा, त्याच्यामागे ती काढायला लागली. रोज ओहोटीला हातात लांब बांबू घेऊन, साडीचा काचा मारून ती दगडाच्या पायऱ्या उतरायची. चारांपैकी तीनच मोऱ्या साफ करायची. चौथी बुजवलेली होती.

आणि तिच्या घराला दार नव्हतं.

तसं घर देखणं. कौलारू, बसकं, कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, दगडी जोतं. पुढे सागवानी चौकट, तिच्यावर वेलबुट्टी कोरलेली. पण चौकटीत दार नाही. रात्री ती बांबूची ताटी आडवी लावायची, कुत्रं आत येऊ नये म्हणून. ना कडी, ना कुलूप. एवढी वर्षं मी गणपतीला येत होते, मला ते दिसत होतं, आणि कधी विचारावंसं वाटलं नाही. एखाद्याची सवय असते तशी ती घराची सवय, असं वाटायचं.

विचारलं ते मुंबईच्या पोरीने. ती आर्किटेक्ट. पायात बूट, गळ्यात कॅमेरा, आणि बोलणं इतकं गोड की आमच्याकडची भांडकुदळ कोंबडीसुद्धा तिच्या हातून दाणे खायची. जुनी बांधकामं बघत खाडीकाठाने हिंडत ती आमच्याकडे आली, आणि उघाडी बघून तिथेच खाली बसली. आमच्या माणसांना त्या दगडावर बसून विडी ओढण्यापलीकडे त्यात काही दिसलं नव्हतं. ती मात्र दगडाला दगड कसा बसवलाय ते बोटाने चाचपून बघत होती. मग बायचं घर बघितलं. मला म्हणाली, काकू, या घराला दार का नाही?

मी म्हटलं, विचारून सांगते.

तिच्या डोक्यात एक योजना होती आणि मला ती पटली, अजूनही पटते. हॉटेल नको, रिसॉर्ट नको. एका वेळी दहा-बारा माणसं यावीत, बांधावरून चालावं, उघाडी बघावी, घरं बघावीत, कुणाच्या तरी घरी तांदळाची भाकरी आणि जिताडा मासा खावा, आपली ताटली आपण धुवावी, प्लास्टिक आणलं असेल तर परत न्यावं. आणि ह्या सगळ्याची गोष्ट गावातल्याच माणसाने सांगावी, कुणी भाड्याने आणलेल्या गाइडने नाही. ती म्हणायची की दगड-लाकूड टिकवायचं तर त्याची गोष्ट टिकली पाहिजे, नाहीतर लोक दगड उपटून कुंपणाला लावतात. खरं होतं ते. पलीकडच्या गावात तसंच झालं होतं.

म्हणून मी बायकडे गेले. वाल भिजवून मोड आणलेले होते, आम्ही दोघी ओटीवर बसून सोलत होतो. मी विचारलं, दाराचं काय झालं? तिने हातातले वाल सोलून टाकले. मग तुटक तुटक सांगितलं.

मी लग्न होऊन यायच्या आधीचं, पिठोरीच्या दिवसाचं उधाण होतं. अमावास्या, भर दुपारची भरती, वर पाऊस. उघाडीची चौथी झडप खिळखिळी झालेली, ती तुटून गेली आणि खाडी आत घुसायला लागली. शेतात भात पोटरीला आलेलं. एकदा खारं पाणी आत शिरलं की ते वर्ष तर गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही त्या जमिनीत काही पिकत नाही. सगळं गाव बांधावर धावलं. आमच्याकडची रीतच तशी आहे. बांधाला खांड पडली, भगदाड झालं, की घरटी एक माणूस हजर पाहिजे, आणि हाताला लागेल ते घेऊन, पेंढा, माती, गोणपाट. पण मोरीच्या तोंडाला लावायला मोठी सपाट फळी हवी होती. सगळ्यात जवळचं घर हिचं, आणि तिथे हे भलं थोरलं सागवानी दार. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. वर-खाली लाकडाचाच खुंट असतो, उचललं की निघतं. चौघांनी उचललं, नेलं, मोरीवर लावलं, मागे चिखल आणि दगड लोटले. पाणी थांबलं, गावाचं भात वाचलं. दार तिथेच राहिलं.

मी सारखी मध्ये मध्ये विचारत होते. दार किती उंच होतं? लाकूड कुठलं? नक्षी होती का? आर्किटेक्ट पोरीला हे सगळं लागणार म्हणून मी मागाहून वहीत लिहूनही ठेवलं. सांगता सांगता बाय म्हणाली, "दार नेलं तवा पोर उंबऱ्यात उभी व्हती." एवढं म्हणून ती उठली आणि चुलीवर चहा ठेवायला गेली.

कुणाची पोर, हे मी विचारलं नाही. दाराच्या खुंटाची जाडी विचारली, आणि पोर कुणाची ते विचारलं नाही. गावातल्या घरात कुणाची ना कुणाची पोरं खेळतच असतात, असेल कुणाची तरी. पिठोरी म्हणजे आयांचा सण, पोरांसाठी उपास धरायचा. त्या दिवसाचं नाव तिने घेतलं तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी गोष्टीच्या मागे लागलेली, माझं लक्ष कुठलं.

हिवाळ्यात पहिली माणसं आली. पेणला गाडीतून उतरून रिक्षाने. मी त्यांना बायच्या दारासमोर, म्हणजे दार नसलेल्या चौकटीसमोर उभं केलं आणि गोष्ट सांगितली. आणि सांगता सांगता तिला तिखटमीठ लावलं. गोष्टीला पोर लागतेच, हे मी आईकडून शिकलेले. तर उंबऱ्यात उभी असलेली ती पोर मी हाताशी धरली. म्हटलं, दार गेलं, भात वाचलं, आणि चिखलाने भरलेली माणसं पाणी प्यायला या घराशी आली. तेव्हा ही एवढीशी पोर उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना म्हणाली, या, आता दारच नाही, या. तेव्हापासून या घराला दार लावलं नाही. गावासाठी गेलेलं दार, त्याच्या जागी दुसरं कशाला? हे घर सगळ्यांना उघडं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले. मला काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे ती गोष्ट माझ्या तोंडात मुरली. प्रत्येक वेळी पोर थोडी मोठी व्हायची. तिला मी दोन शेपट्या घातल्या, शेपट्यांना लाल रिबिनी बांधल्या. एकदा एकाने विचारलं, ती मुलगी आता कुठे असते? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, रोह्याला दिलीय, दोन पोरं आहेत तिला, सुखात आहे. रोहाच का, तर मला तेच गाव तोंडावर. लोक खूश झाले. गोष्टीचा शेवट गोड झाला की लोकांना भाकरीही गोड लागते.

हे सगळं बाय ऐकत असायची. पाहुणे आले की ती आत, चौकटीपासून चार हातांवर, सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची. बाहेरच्यांशी एक शब्द बोलायची नाही. पण माझी गोष्ट सुरू झाली की सूप थांबायचं. मला वाटायचं, बरं वाटत असेल बिचारीला, तिच्या घराचं कौतुक चाललंय. एकदा गाडी उशिरा आली म्हणून मी गोष्ट आटोपती घेतली आणि पोरीचा भाग गाळला. संध्याकाळी ती आमच्या ओटीवर आली, बसली, आणि म्हणाली, "आज पोर नाय सांगितलीस?" मी हसले. नवऱ्याला म्हटलं, बघा, आता तिलासुद्धा माझी गोष्ट पाठ झाली. तो उठून आत गेला.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे प्रत्येक घरामागे तळं असतं, पावसाचं गोडं पाणी साठवायला आणि जिताडे सोडायला. बायच्या मागे तळं नव्हतं. होती सपाट जागा, कडेला एक शेवगा. पाहुण्यांपैकी कुणी गाडी घेऊन आलं तर लावायला जागा हवी, म्हणून ती जागा मीच आर्किटेक्ट पोरीला दाखवली. बायला विचारलं, तिने मान हलवली. दोन हिवाळे आम्ही तिथे गाड्या लावल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या पोरीने उघाडीची मापं घेतली, आणि बुजवलेल्या चौथ्या मोरीच्या चिखलात तिला दाराची वरची कड दिसली. ती नाचायचीच बाकी होती. चिखलात पुरलेलं सागवान कुजत नाही म्हणे, हवा लागली तर कुजतं. तिच्या मनात आलं की दार काढावं, मोरीला नवी झडप बसवून ती पुन्हा चालू करावी, आणि दार स्वच्छ करून मूळच्या चौकटीत बसवावं. माणसं गोष्ट ऐकतील आणि त्याच वेळी ते दार डोळ्यांनी बघतील. मला तर ही कल्पना इतकी आवडली की मीच गावभर सांगत सुटले. बायला विचारायला गेले तेव्हा ती उघाडीच्या पायरीवर उभी होती, बांबू हातात. मी आपली बोलतच होते, तुझं दार परत येतंय, बघ, एवढ्या वर्षांनी. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढा." मला तो होकार वाटला.

भांगाचे दिवस बघून, म्हणजे भरती हलकी असते तेव्हा, दार काढलं आणि लगेच मोरीला नवी झडप बसवली. रीतीप्रमाणे घरटी एक माणूस आला. पण कामाला नेहमीची मजा नव्हती. एरवी चिखलात उतरले की आमचे पुरुष एकमेकांच्या आयाबहिणी काढतात, त्या दिवशी कुणी तोंड उघडेना. जुनी माणसं तर खाली मान घालून काम करत होती. शेजारचा म्हातारा, जो त्या दिवशी दार उचलणाऱ्या चौघांत होता आणि चौघांत आता एकटाच उरलाय, तो बांधावर लांब उभा राहिला, खाली उतरलाच नाही. मी त्याला चांगली ऐकवली. म्हटलं, दार घालायला पुढे होतात, काढायला नको व्हय? त्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. मला राग आला. आता तो राग आठवला की मान वर होत नाही.

दार गोड्या पाण्याने धुतलं, सावलीत वाळवलं. खालची कड कुरतडल्यासारखी झाली होती, बाकी धडधाकट. वरच्या अंगाला लोखंडी कडी होती, गंजलेली, पण साखळी शाबूत. आर्किटेक्ट पोरीने ती कडी तेल लावून लावून सोडवली. मग एका सकाळी चार जणांनी दार उचललं आणि चौकटीत बसवलं. वरचा खुंट वरच्या भोकात, खालचा खालच्या. दार फिरलं. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज झाला.

अंगणात बरेच लोक होते. आर्किटेक्ट पोरगी फोटो काढत होती. मी बायला हाताला धरून पुढे आणलं. म्हटलं, लाव बघू एकदा. तिने आतून नाही, बाहेरूनच दार ओढून घेतलं, हात वर केला आणि कडी कोयंड्यात अडकवली. ती उंच बाई, तरी तिला टाचा उचलायला लागल्या. कडी लावून ती तशीच उभी राहिली. मग हात खाली आणला आणि स्वतःच्या मांडीजवळ, हवेत, सपाट धरला. एखाद्याची उंची दाखवावी तसा.

"फटीतनं हात घातला तरी पोचला नसता तिचा," ती म्हणाली.

मी विचारलं, "कुणाचा गो?"

अंगणात कुणी हललं नाही. माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्या पोरीचा."

बाकीचं मला म्हाताऱ्याने सांगितलं, त्याच्या ओटीवर, माझ्याकडे न बघता. पोर चार वर्षांची. बाय तिला आत ठेवून, बाहेरून कडी लावून बांधावर धावली होती, कारण घरटी एक माणूस ही बाकीच्यांची रीत, पण उघाडी राखायचं काम ह्यांच्या घराकडे, म्हणून नवरा-बायको दोघं गेली. थोड्या वेळाने हे चौघे दार न्यायला आले. कडी काढली, दार उचललं. पोर उंबऱ्यात येऊन उभी राहिली. म्हातारा तेव्हा तरणा होता. तो तिला म्हणाला, बस पोरी हितंच, आई येते. पुढे पाण्याची घाई. बाय तिकडे रांगेत चिखलाच्या पाट्या पुढे देत होती, तिने आपलं दार येताना पाहिलं, पण हात सोडता येईनात. भरती उतरेपर्यंत कुणाला हलता आलं नाही. मग सगळं गाव चिखलाने माखलेलं, पाणी प्यायला त्याच घराशी आलं. घर उघडं होतं. पोर मागच्या तळ्यात मिळाली.

तळं त्याच वर्षी बुजवलं. नवऱ्याने नवं दार करायला घेतलं तर बाय म्हणाली, आता कुणाला अडवायचं? त्यानंतर त्या घराला दार झालं नाही, आणि गावाने चौथ्या मोरीला हात लावला नाही. काढायचं कुणी आणि कुठल्या तोंडाने? त्या वर्षी सगळ्यांच्या कणग्या भरल्या होत्या. म्हातारा म्हणाला, तो तांदूळ आम्ही खाल्ला गो सूनबाय, पोरांना पन घातला. दुसरं काय करणार होतो.

मी घरी आले आणि नवऱ्यावर तुटून पडले. दोन वर्षं मी त्या बाईच्या दारात उभी राहून हे बरळतेय आणि तुम्ही मूग गिळून बसलात? तो म्हणाला, मला वाटलं तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, ठाऊक असून मी तिला रोह्याला दिली असती का? मी काय राक्षसीण आहे? ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या कुणीच कुणाला सांगत नाही. आणि तिथे मी येते, गोष्टी गोळा करणारी, सगळ्या गावाला पुरून उरणारी, आणि नेमकं तेच विचारत नाही. मला स्वतःची शिसारी आली.

मी आर्किटेक्ट पोरीला फोन करून सांगितलं, माझ्याच्याने आता होणार नाही, दुसरं कुणी बघ. आणि माहेरी गेले. पेणला मेमूत बसले, खिडकीशी. नागोठणं गेलं, निडी गेलं, मी कुणाशी बोलले नाही. समोरच्या बाईने दोनदा विषय काढला, शेवटी तीही गप्प झाली. आई आता थकलीय, तिला काही सांगितलं नाही. चार दिवस वालाच्या शेंगा खुडल्या. रोह्याच्या बाजारात एक चाळिशीच्या आसपासची बाई दोन पोरांना घेऊन भाजी घेताना दिसली आणि मला रडू फुटलं. भर बाजारात. असली कुणी बाई नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मीच तिला जन्माला घातली होती, रिबिनी बांधल्या होत्या, लग्न लावलं होतं.

परत आले ती थेट बायकडे गेले. येताना आईकडचे वाल आणले होते. ओटीवर सूप ओढलं आणि बसले. दार तसंच चौकटीत होतं, सताड उघडं टाकलेलं, खाली दगड लावून. मी म्हटलं, बाय, माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं. आता ती गोष्ट मी कधी सांगणार नाही.

तिने वाल सोलणं थांबवलं नाही. सोलता सोलता म्हणाली, दार उतरवायला सांग. दगड काढला की बंद होतं ते. आत भिंतीला ठेवा, मोडू नका, पण चौकटीत नको. मी म्हटलं, आजच सांगते. तिने सोललेले वाल बाजूला केले.

"आन गोष्ट नको बंद करू," ती म्हणाली. "तुझी व्हती तशीच सांग."

मी कशी सांगू, असं मी विचारलं. तिने पुढची मूठ सोलायला घेतली. मग मी एवढ्या उशिरा, तोंड वर न करता, पोरीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, पाहुण्यांनाही सांगत नाही. तेवढं तिचं आहे.

आर्किटेक्ट पोरीने वाद घातला नाही. दार उतरवायला ती स्वतः आली, आणि म्हातारासुद्धा आला. दार पहिल्यासारखंच एका दमात निघालं. ते आतल्या भिंतीला टेकवून ठेवलंय, कडी भिंतीकडे करून. मागच्या मोकळ्या जागेत आता गाड्या लागत नाहीत. पाहुण्यांना आम्ही सांगतो, गडबला गाडी ठेवा आणि चालत या. का ते सांगत नाही.

त्यानंतरची पहिली माणसं गेल्या महिन्यात आली. दहा जण होते. मी चौकटीसमोर उभी राहिले. उधाण सांगितलं, तुटलेली झडप सांगितली, दार उचललं ते सांगितलं. मग उंबऱ्याशी येऊन थांबले. आत बाय सूप घेऊन बसली होती, चार हातांवर. सूप थांबलं होतं. ती वाट बघत होती.

मी सांगितलं. म्हटलं, एवढीशी पोर, दोन शेपट्या, लाल रिबिनी, उंबऱ्यात उभी, चिखलाने भरलेल्या माणसांना म्हणते, या, आता दारच नाही, या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वयस्क बाई होत्या, पिकल्या केसांच्या, प्रेमळ. त्यांनी विचारलं, "आणि ती मुलगी आता कुठे असते हो?"

मी, जिला आजवर कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, ती तोंड उघडून नुसती उभी राहिले. आर्किटेक्ट पोरगी काहीतरी बोलायला पुढे आली. तेवढ्यात आतून, बाहेरच्या माणसांशी कधी एक शब्द न बोललेली बाय बोलली.

"रोह्याला दिलीय," ती म्हणाली. "दोन पोरं हायत. सुखात हाय."

बाई म्हणाल्या, वा, छान. मग सगळे बांधाकडे वळले, आणि आत पुन्हा तांदूळ पाखडल्याचा आवाज सुरू झाला.